उत्तर सांगू नका!

संक्रांतीचे हळदीकुंकू जवळ आले की आपल्या भगिनीवर्गात उखाण्यांची जमवाजमव सुरू होते. कोणी जुनी वही शोधते, कोणी गावी फोन करून आईला किंवा मावशीला विचारते, आणि हल्ली तर मोबाइलवर उखाणे आयतेच येऊन पडतात. कार्यक्रमाच्या दिवशी "नाव घ्या, नाव घ्या" असा आग्रह होतो, यजमानांचे नाव यमकात चपखल बसते, टाळ्या पडतात आणि पुढचीवर पाळी येते. यात गैर काहीच नाही. पण 'उखाणा' या शब्दाचा एक जुना अर्थ 'कोडे' असा आहे. शब्दकोशात तो आजही सापडतो, आणि खेड्यापाड्यांतल्या वयस्कर मंडळींच्या बोलण्यातही. कोकणात आणि गोव्यात त्यालाच हुमाण म्हणतात. नाव घेण्याचा उखाणा आपल्याबरोबर विमानात बसून येथपर्यंत आला. दुसरा उखाणा, जो घालायचा आणि सोडवायचा असतो, तो मात्र मागेच राहिला. त्याच्याबद्दल चार शब्द लिहावेत असे आमच्या मनात बरेच दिवस होते.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. परदेशातल्या मराठी घरात मराठी बोलती ठेवण्याचा कोडी घालण्याइतका स्वस्त आणि सोपा उपाय दुसरा नाही. मात्र त्याला एक पथ्य आहे, आणि नेमके तेच हल्ली पाळले जात नाही. ते पथ्य म्हणजे, उत्तर लगेच सांगायचे नाही.

हल्ली कोडे आपल्याला कसे भेटते ते पाहा. सकाळी कोणत्या तरी ग्रुपवर एक कोडे येते. त्याच्याखाली आठ-दहा ओळी मोकळ्या सोडून उत्तरही दिलेले असते. बोट वर सरकवले की काम झाले. उत्तर दिलेले नसेल, तर तिसऱ्या मिनिटाला कोणी तरी हुशार गृहस्थ ते टाकून मोकळे होतात. त्यांना चार-पाच अंगठे मिळतात आणि बाकीच्यांचा विचार सुरू होण्याआधीच संपतो. दुसरा प्रकार प्रश्नमंजुषेचा. गणेशोत्सवात ती होते आणि व्हावी. परंतु तेथे घड्याळ असते, गुण असतात, बक्षीस असते. दर वर्षी तीच चार-पाच चलाख मुले पुढे असतात आणि बाकीची बटाटेवड्याच्या रांगेत.

प्रश्नमंजुषा आणि कोडे यांत मोठा फरक आहे. 'महाराष्ट्र राज्याची स्थापना केव्हा झाली?' हा प्रश्न झाला. १ मे १९६० हे उत्तर ज्याला ठाऊक आहे तो जिंकला. ज्याला ठाऊक नाही त्याने कितीही डोके खाजवले तरी ते सापडणार नाही. कोड्याचे तसे नाही. तीन डोळे आहेत पण शंकर नव्हे, शेंडी आहे पण भटजी नव्हे, पोटात पाणी आहे पण घागर नव्हे, अशा अर्थाचे नारळाचे कोडे आपल्याकडे फार जुने आहे; संस्कृतातही ते आहे. उत्तराला लागणारे सगळे सामान त्या कोड्यातच दिलेले असते. रोज पाहिलेल्या वस्तूकडे फक्त पुन्हा एकदा नीट पाहायचे असते. म्हणूनच कोड्याच्या पंगतीत दहावीतला दादा, त्याची पाच वर्षांची बहीण आणि गावाहून आलेली आजी एकाच रांगेत बसतात. पुष्कळदा धाकटीच आधी ओळखते, कारण तिने नारळाचे डोळे अलीकडेच पहिल्यांदा पाहिलेले असतात.

आता आपल्या घरांतली खरी अडचण. आपली बहुतेक मुले मराठी समजतात, पण बोलत नाहीत. शाळा इंग्रजी माध्यमाची, जोडीला हिंदी, वर अरबी सक्तीची, आणि मित्रमंडळी केरळची, लाहोरची, मनिलाची. आपण मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देतात, आणि घरातले संभाषण असे दोन रुळांवरून चालते. दटावले तर ती आणखीच गप्प होतात. कारण उघड आहे. मराठीत तोंड उघडले की 'तो'चा 'ती' होतो, 'मी आला' होते, आणि कोणी तरी हसते. इंग्रजीत हुशार असलेले मूल मराठीत एकदम बाळ ठरते. चौदा वर्षांच्या मुलाला बाळ ठरायला कसे आवडेल?

कोडे ही बाजू उलटी करते. एक कोडे म्हणजे फार तर दोन-तीन वाक्ये. तेवढी पाठ होतात आणि पाठ झाल्यावर त्यांत चूक होत नाही. उत्तर मुलाला ठाऊक असते आणि काकांना नसते. काका इंजिनिअर असोत की बँकेत मॅनेजर, त्यांना मुलाला विचारावे लागते, "खायची वस्तू आहे का रे? घरात असते का? हातात मावते का?" आणि मुलाला मराठीतच सांगावे लागते, "नाही", "असते", "जवळ आलात", "फारच लांब गेलात". व्याकरणाचा तास नाही, धाक नाही, तरी पाच मिनिटे अस्सल मराठी संभाषण होते, आणि त्यात वरचढ बाजू मुलाची असते. उत्तर चटकन सांगून टाकले की ही पाच मिनिटे गेली. आमचा सगळा आग्रह या पाच मिनिटांसाठी आहे.

थंडीच्या दिवसांत घरोघरी आजी-आजोबा व्हिजिट व्हिसावर येतात. पहिले काही दिवस बुर्ज खलिफा, मॉल आणि समुद्रकिनारा पाहण्यात जातात. मग आई-वडील कामावर, नातवंडे शाळेत. संध्याकाळी ती परत आली की गृहपाठ, क्लास आणि टॅब. "जेवलास का?" आणि "अभ्यास झाला का?" या दोन प्रश्नांपलीकडे काय बोलावे हे दोन्ही बाजूंना सुचत नाही. दोन महिने एका छपराखाली राहून आजी आणि नात एकमेकींना फक्त पाहून निरोप घेतात. ज्यांनी आयुष्यभर साठवलेली भाषा बरोबर आणली, त्यांना येथे ती वापरायला माणूसच मिळत नाही.

आमच्या ओळखीच्या एका घरात आजींनी यावर आपल्यापुरता तोडगा काढला. रोज रात्री जेवताना एक कोडे घालायचे आणि त्याचे उत्तर दुसऱ्या दिवशी रात्रीच सांगायचे, असा त्यांनी नेम केला. मधले चोवीस तास नातीचे. ती शाळेच्या बसमध्ये विचार करू लागली. एके दुपारी तिने आजींना स्वयंपाकघरात गाठून तीन उत्तरे सांगून पाहिली. तिन्ही चुकली, पण एका उत्तरावर आजी थबकल्या आणि म्हणाल्या, "अगं, हे माझ्या उत्तरापेक्षाही बरं बसतंय की!" त्या मुक्कामात नात आजीशी जितके मराठी बोलली तितके आधीच्या दोन वर्षांत फोनवर बोलली नव्हती. आजी परत गेल्या. त्यांचे कोडे आता दर रविवारी बोटिमवर येते, आणि नातीचे येथून जाते.

येथे कोणी म्हणेल, जुन्या कोड्यांची उत्तरे म्हणजे जाते, उखळ, मोट, कंदील आणि कणगी. आमच्या मुलांनी यातले काही पाहिलेलेच नाही, मग ती ओळखणार कशी? शंका रास्त आहे. पण आम्हाला यात तोट्यापेक्षा फायदाच दिसतो. उत्तर 'जाते' निघाले आणि नातू 'जाते म्हणजे काय?' असे विचारू लागला की आजोबांना कागद-पेन्सिल घ्यावी लागते. दोन दगडी तळ्या, मधला खुंटा, वरचे तोंड, पहाटेचा आवाज, हे सगळे सांगावे लागते. एरवी "ऐक, तुला जात्याची माहिती सांगतो" असे म्हटले असते तर नातू पळाला असता. कोड्यात हरल्यामुळे तो थांबतो. ज्या वस्तूने आपल्याला चोवीस तास चकवले ती एकदा पाहावी असे कोणालाही वाटते.

"हा पोरखेळ झाला, आमच्या मुलांना ऑलिंपियाडची तयारी करायची आहे," असेही ऐकू येते. आपल्या पूर्वजांनी मात्र याला पोरखेळ मानले नाही. वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांच्या यादीत प्रहेलिका, म्हणजे कोडी, ही एक कला आहे. मुंगीने सूर्याला गिळल्याचा मुक्ताबाईंचा अभंग आपल्याला ठाऊक असतो. संतांच्या अशा कूट रचना कीर्तनकार आजही उलगडून सांगतात. वेताळाची प्रत्येक गोष्ट एका कोड्यापाशी येऊन थांबते, आणि विक्रमाने तोंड उघडले की वेताळ पुन्हा झाडावर. दुर्गाबाई भागवतांसारख्या विदुषीने भारतीय कोड्यांवर इंग्रजीत स्वतंत्र पुस्तक लिहिले, ते १९६५ साली मुंबईत प्रसिद्ध झाले.

गणिताचे म्हणाल तर भास्कराचार्यांकडे पाहा. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात त्यांच्या घराण्याची माहिती आहे, आणि त्यांचा नातू चंगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापन केल्याची नोंद आहे. त्यांचा 'लीलावती' हा भाग असलेला सिद्धांतशिरोमणी ११५० सालचा. लीलावतीतली उदाहरणे हंस, भुंगे, मोर आणि साप यांची आहेत, आणि कित्येक एखाद्या मुलीला किंवा मित्राला विचारावीत तशी घातलेली आहेत. त्यांतले एक आमच्या शब्दांत असे. तळ्यात एक कमळाची कळी पाण्याच्या वर अर्धा हात आली आहे. वाऱ्याने ती हळूहळू कलली आणि पहिल्या जागेपासून दोन हातांवर पाण्याखाली गेली. तर तळे किती खोल? आठवी-नववीतल्या मुलांना हे जरूर विचारा. त्यांना ज्या प्रमेयाचा कंटाळा येतो तेच येथे उपयोगी पडेल. कोणते प्रमेय, ते मात्र सांगू नका.

अलीकडचे उदाहरण दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचे. जन्म १९०५ साली डहाणूचा, आणि नोकरी नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तराची. १९३० ते १९६२ पर्यंत त्यांनी तेथे शिकवले आणि फावल्या वेळात आकड्यांशी खेळले. डोंबिवलीकरांना आनंद वाटेल अशी गोष्ट म्हणजे त्यांच्या 'डेम्लो' संख्यांचे नाव डोंबिवली स्टेशनच्या तेव्हाच्या नावावरून आले आहे. बराच काळ मोठ्या गणितज्ञांनी त्यांच्या कामाकडे फारसे लक्ष दिले नाही. पुढे १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातल्या आपल्या प्रसिद्ध सदरात त्यांच्याबद्दल लिहिले आणि देवळालीच्या मास्तरांचे नाव जगभर पोचले.

कापरेकरांनी १९४९ साली मांडलेली गंमत घरात कोणालाही करता येते. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहून त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेली संख्या वजा करा. जे उरेल त्यावर पुन्हा हेच करा. शेवटी तुम्ही नेहमी ६१७४ या संख्येवर येता, आणि तेही फार तर सात पायऱ्यांत. आपण राहतो त्या संयुक्त अरब अमिरातीचे स्थापनावर्ष १९७१ घेऊ. ९७११ वजा ११७९ म्हणजे ८५३२. आता ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. दोन पायऱ्यांत पोचलो! महाराष्ट्राचे १९६० घेतले तर किती पायऱ्या लागतात ते मुलांना करून पाहू द्या. प्रत्येकाने आपले जन्मवर्ष घेतले तर अर्धा तास सहज जातो, आणि वजाबाकीचा सराव होतो तो वेगळाच. हे जमण्यासाठी देवळालीत ना संगणक होता, ना क्लास. हातात पेन्सिल होती आणि उत्तराची घाई नव्हती.

आपण ज्या भूमीवर राहतो तेथील लोकांनाही कोडे परके नाही. अरबीत त्याला लुग्ज म्हणतात. आखातातल्या नबाती लोककवितेत एका कवीने कवितेतून कोडे घालायचे आणि दुसऱ्याने त्याच वृत्तात, त्याच यमकात उत्तर द्यायचे अशी रीत आहे. अशा गोष्टी जेथे रंगतात त्या मजलिस-परंपरेची नोंद युनेस्कोने २०१५ साली अमिरातीसह चार देशांच्या नावाने केली. आपल्या गावातला पार आणि येथील मजलिस यांत तसे पाहिले तर फार अंतर नाही.

हदीसमध्ये एक प्रसंग आहे. प्रेषित महंमदांनी सोबत्यांना विचारले की ज्याची पाने गळत नाहीत आणि जे श्रद्धावान माणसासारखे आहे, असे झाड कोणते? मोठी मंडळी रानावनातली झाडे आठवू लागली. त्यांत अब्दुल्ला इब्न उमर हा तरुण मुलगा होता. त्याला उत्तर सुचले होते, पण वडीलधाऱ्यांसमोर बोलायला तो लाजला. नंतर त्याने ही गोष्ट वडिलांना सांगितली तेव्हा ते म्हणाले की तू बोलला असतास तर मला फार आनंद झाला असता. झाड कोणते ते आम्ही सांगत नाही. ते येथे रस्त्यारस्त्याच्या कडेला उभे आहे. पण त्या वडिलांचे म्हणणे आम्हाला फार मोलाचे वाटते. ज्याला ठाऊक आहे पण जो बोलत नाही, असे मूल आज आपल्या प्रत्येक घरात आहे. त्याने बोलावे म्हणून मोठ्यांना थोडे गप्प बसावे लागते.

दोन्हीकडे चालणारे आणखी एक कोडे उंटांचे. आपल्याकडे कोणी त्यात घोडे घालतात. एका माणसाने मरताना सतरा उंट मागे ठेवले. थोरल्याला निम्मे, मधल्याला एक तृतीयांश आणि धाकट्याला एक नवमांश द्या, असे तो सांगून गेला. सतराचे निम्मे होईनात, मुले भांडू लागली. एक शहाणा शेजारी आपला उंट घेऊन आला आणि त्यांच्या उंटांत मिसळला. अठरांतले नऊ थोरल्याला, सहा मधल्याला, दोन धाकट्याला. झाले सतरा. शेजारी आपला उंट घेऊन घरी गेला. वाटणी तर झाली, कोणाचे नुकसान झाले नाही, मग वडिलांच्या हिशेबात खोट कोठे होती? येथपर्यंत सांगावे आणि चहा प्यायला लागावे.

एक सावधगिरीही सांगायला हवी. जुनी म्हणून सगळीच कोडी उचलावीत असे नाही. काहींत रंगावरून, जातीवरून, विधवेवरून टोमणे आहेत. काही चावट आहेत आणि त्यांची जागा वेगळी आहे. निवडून घ्यावे. धान्य निवडतो तसे. खडे टाकून द्यावेत, पण खडे आहेत म्हणून पोतेच फेकून देऊ नये.

राहिला वेळेचा प्रश्न. शारजाहून दुबईला रोज ये-जा करणाऱ्यांना आम्ही वेळ कोठे मिळेल हे सांगायला नको. संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये गाडीत चौघे बसलेले असतात आणि चौघांच्या कानांत चार वेगवेगळी गाणी असतात. जून ते सप्टेंबर मुले उन्हामुळे घरात कोंडलेली असतात. गावी पूर्वी दिवे गेले की अंगणात कोड्यांना रंग चढायचा. येथे दिवे जात नाहीत, म्हणून आपल्यालाच रोज दहा मिनिटे काढावी लागतील.

तेव्हा मंडळापुढे आणि सभासदांपुढे आमच्या चार सूचना आहेत. पहिली, प्रत्येक मेळाव्यात पंधरा मिनिटे कोड्यांना द्यावीत. घड्याळ नाही, गुण नाहीत, बक्षीस नाही. कोडी मुलांनी घालायची आणि मोठ्यांनी सोडवायची. मुलगा अडखळला तर कोणी इंग्रजीत मदत करायची नाही आणि कोणी हसायचेही नाही. दुसरी, या पत्रिकेत कोड्यांचा कोपरा सुरू करावा आणि उत्तरे पुढच्या अंकातच छापावीत. मधल्या काळात ग्रुपवर उत्तर टाकणाऱ्याने पुढच्या सहलीला सर्वांना चहा पाजावा. तिसरी, प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांकडून निदान तीन कोडी उतरवून घ्यावीत, आणि ती जशी बोलली जातात तशीच लिहावीत. मालवणी असेल तर मालवणीत, वऱ्हाडी असेल तर वऱ्हाडीत, अहिराणी असेल तर अहिराणीत. 'शुद्ध' करण्याच्या फंदात पडू नये. ज्यांच्याकडे विचारायला कोणी वडीलधारे नाही त्यांनी बालभारतीचे 'किशोर' मासिक पाहावे. ते नोव्हेंबर १९७१ मध्ये सुरू झाले, आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात.

चौथी सूचना आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. मुलांनी येथील वस्तूंवर नवी कोडी रचावीत, मराठीत. जुन्या कोड्याचे उत्तर फोनला विचारले तर तो क्षणात सांगतो. पण तुमच्या मुलाने काल रात्री रचलेले कोडे त्याला कोठून ठाऊक असणार? जात्यावरचे कोडे कोणी तरी जात्याजवळ बसूनच रचले होते. आपली मुले ज्या वस्तूंमध्ये वाढतात त्या वस्तूंना मराठीत कोडे मिळाले नाही, तर मराठी ही त्यांच्या लेखी सुट्टीत जायच्या गावाची भाषा होऊन बसेल. नमुन्यादाखल काही आम्ही रचली आहेत. तुमची मुले याहून चांगली रचतील याची खात्री आहे.

१. दिवसभर वर जाते, खाली येते, पण एकही पायरी चढत नाही. माणसे गिळते, पण एकालाही पचवत नाही.

२. स्वतः बाहेर लटकून घाम गाळतो, आत आपल्याला थंडी वाजवतो, आणि महिन्याच्या शेवटी बाबांना घाम फोडतो.

३. हात पुढे करत नाही, गाडी थांबवत नाही, एक शब्द बोलत नाही. तरी त्याच्याखालून गेले की खिसा हलका होतो.

४. ऊन जितके कडक तितका तो गोड. पोटात एकच दगड, आणि दगडावर एकच रेघ.

५. बैल नाही, गाडीवान नाही, तरी शेकडो माणसे घेऊन वेळेवर धावते. कधी घरांच्या वरून, कधी जमिनीच्या खालून.

६. वर्षभर कपाटात झोपतो. पण परक्या दारात उभे राहिले की आपण कोण, हे आपल्याऐवजी तोच सांगतो.

येथे आपण कायमचे नाही, हे आपण सर्व जाणतो. कोणी पाच वर्षे राहील, कोणी पंचवीस. मग कोणी पुण्याला परतेल, कोणी मुलांच्या शिक्षणासाठी कॅनडाला जाईल. त्या वेळी सामानाचे वजन करताना काय ठेवावे आणि काय टाकावे याचा घोर प्रत्येकाला पडतो. पुस्तकांची खोकी बहुधा मागे राहतात. कोड्याला वजन नसते. जे मूल येथे पन्नास मराठी कोडी शिकून जाईल, ते टोरोंटोत असले तरी पन्नास वेळा कोणाला तरी मराठीत "ओळखा पाहू" म्हणू शकेल. त्याहून मोठी अपेक्षा आम्ही आज करत नाही.

कमळाच्या तळ्याची खोली, १९६० च्या पायऱ्या, उंटांच्या हिशेबातली खोट आणि वरची सहा उत्तरे पुढच्या अंकात. तोपर्यंत आपली उत्तरे आणि मुलांची नवी कोडी मंडळाच्या कार्यकर्त्यांकडे लिहून द्यावीत. मुलांचे नाव आणि इयत्ता घालावी, आणि कोड्यावर मोठ्यांनी हात फिरवू नये ही विनंती.

तिळगूळ घ्या, गोड बोला. आणि कोणी कोडे घातले तर थोडा वेळ बोलूच नका.

कळावे, लोभ असावा.